रुग्णालयाचा सर्व्हर लॉक झाला तर? टेप अजून का लागते?

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात वर्धाच नाही, तर यवतमाळ, चंद्रपूरमधूनही पेशंट येतात. पेशंटची नोंदणी, तपासण्यांचे रिपोर्ट अशी कामं तिथे कॉम्प्युटरवर चालतात. अशा मोठ्या रुग्णालयात एका सकाळी काही उघडलंच नाही तर?

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हेच झालं. सायबर हल्ल्यात पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा लॉक झाला आणि ओपीडी कागद-पेनावर आली. ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता. तोही सापडला असता तर?

टेपचा मुद्दा इथे येतो. हो, कॅसेटसारखीच चुंबकीय टेप! युनिक्स कॉम्प्युटरवर 'टार' नावाची कमांड १९७९ पासून आहे, आणि तिचं नावच 'टेप अर्काइव्ह'वरून आलंय. ती सगळ्या फायलींचं एक गाठोडं बांधते. हे गाठोडं एसएसएच या सुरक्षित जोडणीतून दुसऱ्या इमारतीतल्या, अगदी दुसऱ्या गावातल्या मशीनकडे जातं आणि तिथल्या टेप ड्राइव्हवर लिहिलं जातं. मग टेप काढून कपाटात ठेवायची. वायरच नाही, तर हॅकर येणार कुठून?

ड्राइव्ह महाग असतो, टेप मात्र तुलनेत स्वस्त. एलटीओ-९ प्रकारच्या एका टेपमध्ये १८ टेराबाइट मावतात. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइट डेटा गेला. डेटा फार मोठा, म्हणून बाहेर बॅकअपच नव्हता, असं कारण दिलं गेलं. हिशोब केला तर तो ४८ टेपमध्ये बसतो. कपाटाचा एक कप्पा!

पण टेपही भोळेपणाने वापरून चालत नाही. लिनक्समध्ये टेप ड्राइव्हला दोन नावं असतात: 'एसटी-झिरो' आणि 'एनएसटी-झिरो'. (आपल्या लालपरीशी संबंध नाही.) पहिलं नाव वापरलं की काम संपताच टेप आपोआप मागे गुंडाळली जाते. त्यामुळे त्याच टेपवर मंगळवारचा बॅकअप घेतला, तर तो सोमवारच्या बॅकअपवरच लिहिला जातो. स्क्रीनवर एररही येत नाही. सोमवारचा डेटा परत मागायची वेळ येते, तेव्हाच ते कळतं.