घरचा कॉम्प्युटर आणि 'बाहेरचा' शत्रू

घरातला कॉम्प्युटर एकाएकी रखडायला लागतो. पडद्यावर नको त्या जाहिराती येतात, न उघडलेली पानं आपोआप उघडतात, ओळखीच्यांना आपल्या नावानं भलतेच निरोप जातात. कुणीतरी म्हणतं, "व्हायरस आलाय." पुढचं वाक्य बहुतेक घरांत ठरलेलं असतं, "कुणी काय उघडलं होतं?" हा प्रश्न विचारताना नजर कुणाकडे वळते हे सांगायला नको. मुलीनं गाणी उतरवली असतील, सुनेनं कुठली तरी लिंक दाबली असेल, आईला तर त्यातलं काही कळतच नाही! दूध उतू गेलं तर बाईचं लक्ष नव्हतं, आणि यंत्र बिघडलं तरी बाईनंच काहीतरी केलं.

मग शिक्षा सुरू होते. मुलीचं इंटरनेट बंद होतं. पासवर्ड बदलतो आणि नवा पासवर्ड घरातल्या एकाच पुरुषाकडे राहतो. यंत्र भाच्याकडे, शेजारच्या मुलाकडे नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात जातं आणि सगळं पुसून, 'फॉरमॅट' होऊन परत येतं. बाईनं त्यात ठेवलेले बचतगटाचे हिशोब, मुलांचे फोटो, अर्धा लिहून झालेला अर्ज यांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

हा तांत्रिक मामला आहे, त्यात स्त्री-चळवळीचं काय काम, असं अनेकींना वाटेल. माझं म्हणणं असं की घरच्या कॉम्प्युटरला लागण झाल्याचा संशय येतो, त्या क्षणी घरातले सत्तासंबंध उघडे पडतात. दोष कुणावर, किल्ली कुणाकडे आणि निर्णय कुणाचा, हे तीनही प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत.

आधी दोषाबद्दल. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा एक व्हायरस जगभर पसरला. प्रेमपत्र असल्याचं भासवणारी ई-मेल यायची, सोबतची फाइल उघडली की कॉम्प्युटरला लागण व्हायची आणि तेच पत्र पुढे पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना जायचं. लाखो यंत्रं बाधित झाली. ब्रिटनच्या संसदेला आपली ई-मेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली. ती पत्रं उघडणारे काही अडाणी नव्हते, आणि फक्त बायका तर नव्हत्याच. फसवणूक विश्वासावर चालते, अकलेच्या कमतरतेवर नाही.

शिवाय लागण कुणाच्या यंत्राला होते तेही पाहायला हवं. घरात नवा लॅपटॉप आला की तो कर्त्या पुरुषाकडे जातो, आणि जुना बाईकडे किंवा मुलीकडे येतो. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा मोफत सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या जुन्या यंत्रांवर ती अजून आहे आणि ज्यांची वाढीव सुरक्षेसाठी नोंदणी केलेली नाही, त्यांच्यातली नवी भगदाडं बुजवली जात नाहीत. ताटातलं उरलेलं खायचं आणि पोट बिघडलं की बोलणीही खायची, असा हा न्याय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या ३३.३ टक्के स्त्रियांनी आणि ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. ही दरी असताना मुलीचं इंटरनेट तोडणं म्हणजे तिला शाळेतून काढण्याच्याच जातीचं काम आहे.

दोष देण्याचा आणखी एक तोटा आहे. ओरडा बसेल या भीतीनं मुली आणि बायका गप्प राहतात. पडद्यावर आलेल्या नंबरावर फोन केला, समोरच्यानं यंत्राचा ताबा घेतला, बँकेतून पैसे गेले, तरी दोन दिवस घरात बोलायची सोय नसते. प्रत्यक्षात पैसे गेल्यावर पहिले काही तासच मोलाचे असतात. १९३० या क्रमांकावर आणि बँकेत ताबडतोब कळवलं तर पुढचा व्यवहार रोखला जाण्याची शक्यता राहते. 'तुझं चित्रण केलंय, पैसे टाक' अशा धमकीच्या मेलचंही तसंच. त्यातल्या पुष्कळशा निव्वळ थापा असतात. कुठून तरी फुटलेला आपला जुना पासवर्ड लिहून भीती घातलेली असते. पण ही गोष्ट घरात मोकळेपणानं सांगता येत नसेल, तर थापसुद्धा फास ठरते.

आता मुख्य मुद्दा. व्हायरस, हेरगिरी करणारे प्रोग्रॅम, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्रॅम या सगळ्यांना मिळून मालवेअर म्हणतात. त्यांच्यापासून वाचण्याचा जो सल्ला सगळीकडे छापून येतो, त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. शत्रू बाहेरचा आहे आणि घर म्हणजे सुरक्षित जागा. हे गृहीतक आपल्याला नवं नाही. रात्री एकटी बाहेर पडू नकोस, अनोळखी माणसाशी बोलू नकोस, हा सल्ला त्याच गृहीतकातून येतो. हिंसा उंबऱ्याच्या आतही होते, हे स्त्री-चळवळ कित्येक वर्षं सांगत आली. कॉम्प्युटरच्या बाबतीत ते पुन्हा सांगण्याची वेळ आली आहे.

बायकोच्या, मैत्रिणीच्या, मुलीच्या यंत्रात गुपचूप टाकायचे प्रोग्रॅम बाजारात उघड विकले जातात. मुलांच्या काळजीसाठी किंवा कर्मचाऱ्यांवर देखरेखीसाठी असं त्यांच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं. ती काय टाइप करते, कुणाला लिहिते, पडद्यावर काय दिसतं, सगळं दुसरीकडे पोचतं. हे विकत घेतलेलं 'कायदेशीर' सॉफ्टवेअर असल्यानं अँटिव्हायरस कित्येकदा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. कॅस्परस्की या कंपनीचं अँटिव्हायरस असे प्रोग्रॅम सापडले तर 'व्हायरस नव्हे' असा शेरा मारायचं. अमेरिकेतल्या इव्हा गॅल्परिन या कार्यकर्तीनं पाठपुरावा केल्यावर एप्रिल २०१९ मध्ये तिथे स्पष्ट इशारा देणं सुरू झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काही अँटिव्हायरस कंपन्या आणि पीडित स्त्रियांसोबत काम करणाऱ्या संस्था यांची या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय आघाडी उभी राहिली. म्हणजे 'व्हायरस कशाला म्हणायचं' हासुद्धा तांत्रिक नव्हे, राजकीय प्रश्न होता आणि आहे.

आणि लक्षात घ्या, पाळत ठेवणारा प्रोग्रॅम कॉम्प्युटर रखडू देत नाही, कारण लपून राहणं हेच त्याचं काम. त्याची लक्षणं यंत्रात कमी आणि माणसाच्या बोलण्यात जास्त दिसतात. तुम्ही बहिणीला लिहिलेली गोष्ट त्याला कशी कळली? वकिलाची भेट ठरली ते त्याच्या तोंडून कसं आलं? कित्येकदा तर कुठलाही प्रोग्रॅम नसतो. पासवर्ड त्याला माहीत असतो, तुमचं मेल-खातं त्याच्या फोनवरही उघडं असतं, किंवा तुमचं व्हॉट्सअॅप दुसऱ्या यंत्राला जोडलेलं असतं. हे कुठल्याही अँटिव्हायरसला सापडणार नाही.

म्हणून संशय आल्यावर पहिला प्रश्न 'हा बाहेरचा चोर की घरातला पहारेकरी' हा हवा. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, काही ठिकाणी तर अगदी उलटे.

बाहेरचा वाटत असेल तर इंटरनेट तोडा. त्या यंत्रावरून बँकेचं काम करू नका. दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून आधी ई-मेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदला. विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरनं किंवा तुमच्या अँटिव्हायरसनं पूर्ण तपासणी करा. डिफेंडरमध्ये विंडोज सुरू होण्याआधी तपासण्याचीही सोय आहे, दडून बसलेले प्रोग्रॅम तिथे सापडू शकतात. प्रोग्रॅमची आणि ब्राउझरला जोडलेल्या पुरवण्यांची यादी वाचा, अनोळखी दिसेल ते चौकशी करून काढा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानं २०१७ पासून सफाईची साधनं मोफत उपलब्ध करून दिली आहेत. शंका तरीही उरली तर आपल्या फाइलींची प्रत बाजूला काढून प्रणाली नव्यानं घाला. यंत्र मंद झालं म्हणजे लागण झालीच असंही नाही. डिस्क भरलेली असते, पंख्यात धूळ असते.

पण घरातल्या माणसाचा संशय असेल तर यातलं काहीही घाईनं करू नका. प्रोग्रॅम काढला की त्याला तत्काळ कळतं आणि हिंसा वाढू शकते. फॉरमॅट केलं तर पुरावा जातो. आधी स्वतःची सुरक्षितता पाहा. मदत मागायला ते यंत्र वापरू नका. मैत्रिणीचा किंवा संस्थेचा फोन वापरा, स्त्रियांसाठीच्या १८१ या मदत क्रमांकावर बोला. त्या यंत्रावर नेहमीसारखंच साधं काम चालू ठेवा. धोका नसेल तर दुसऱ्या फोननं पडद्याचे फोटो घ्या, तारीखवार नोंद ठेवा, आणि ती नोंद घराबाहेर ठेवा. खात्यात कोणकोणती यंत्रं जोडलेली आहेत ते पाहा, पण ती तोडायची कधी हे सल्ल्यानं ठरवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलीचा 'हॅश', म्हणजे तिच्या बोटांच्या ठशासारखी खूण, नोंदवावी लागते. हे काम पुसलेल्या यंत्रावर होत नाही.

कायदा कुठवर साथ देतो? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणाऱ्याकडून भरपाई मागू देतं, आणि हेतू अप्रामाणिक असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण परवानगी कुणाची? यंत्राच्या मालकाची किंवा ते ज्याच्या ताब्यात आहे त्याची. पावती नवऱ्याच्या नावावर असते आणि 'कॉम्प्युटर माझाच आहे' हे उत्तर तयार असतं. सातबाऱ्यावर आणि घराच्या कागदावर बाईचं नाव हवं, असा आग्रह आपण धरला. त्या यादीत आता यंत्राची पावतीही घालायला हवी. पाठलागाचं कलम जास्त उपयोगी आहे. २०१३ मध्ये ते दंडसंहितेत ३५४-ड म्हणून आलं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. पुरुषानं स्त्रीच्या इंटरनेट किंवा ई-मेल वापरावर पाळत ठेवणं हाच तिथे गुन्हा आहे, यंत्र कुणाचं हे विचारलेलं नाही. मात्र 'परिस्थिती पाहता वाजवी' असेल तर गुन्हा नाही, अशी एक पळवाटही त्यात आहे. नवऱ्याची 'काळजी' वाजवी ठरवली जाऊ नये म्हणून आपल्याला जागरूक राहावं लागेल. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बायकोच्या नकळत केलेलं ध्वनिमुद्रण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घ्यायला मोकळीक दिली. त्याचा अर्थ पाळतीला परवाना मिळाला असा लावला जाणार, तो खोडून काढायला हवा. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं याच न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आहे, आणि लग्नाच्या वेळी बाई तो हक्क माहेरी ठेवून येत नाही.

काही जणी म्हणतील, दारू, मारहाण, पोटगी यांतूनच आम्हाला उसंत नाही, त्यात हे नवं कुठे? पण हे नवं नाही. पोटगीचा अर्ज त्याच कॉम्प्युटरवर लिहिला जातो, मारहाणीचे फोटो त्याच मेलमध्ये असतात, आणि सल्ला केंद्राचा पत्ता त्याच ब्राउझरमध्ये शोधलेला असतो. तो वाचला गेला तर आपलंच काम उघडं पडतं.

तेव्हा मैत्रिणींनो, गटांनी काय करावं? प्रत्येक केंद्रात पहिल्या भेटीतच विचारावं, तुमचा फोन आणि कॉम्प्युटर आणखी कोण उघडतं? केंद्रात एक यंत्र असं असावं, जे येणाऱ्या बाईला निर्धास्त वापरता येईल. दोघी-तिघींनी यंत्र तपासण्याचं हे काम नीट शिकावं आणि शिबिरात इतरींना शिकवावं. शरीराची माहिती आपण अशीच एकमेकींकडून शिकलो, डॉक्टरांच्या मेहरबानीची वाट पाहत बसलो नाही. आणि प्रत्येकीनं निदान आपल्या खात्याचा पासवर्ड आपल्याच डोक्यात ठेवावा. 'आमच्यात काही लपवालपवी नाही' हे वाक्य तिला नेहमी ऐकवलं जातं. विश्वासाचा पुरावा म्हणून फक्त एकीकडूनच किल्ली मागितली जात असेल, तर तो विश्वास नाही, तो ताबा आहे.