पार्किंगनंतरचं वाक्य

दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू झाली की ‘अलक’ स्पर्धांची आवतणंही येऊ लागतात. अलक म्हणजे अतिलघुकथा. चार-सहा ओळी आणि शेवटी धक्का. सासूला वृद्धाश्रमात सोडायला गेलेल्या सुनेला तिथे स्वतःची आई भेटते, या जातीचा. दहा वाचून झाल्या की अकरावीचा शेवट दुसऱ्याच ओळीत कळतो, आणि कळला की मागे वळून वाचावं असं काही उरत नाही.

लहान लिहायचं म्हणजे शेवट दडवायचा, ही समजूत कुठून आली कोण जाणे. तिच्यावरचा उतारा तर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच लिहून झालाय. शंकर काशीनाथ गर्गे ऊर्फ दिवाकर (१८८९–१९३१) हे पुण्यातले शाळामास्तर. इंग्रज कवी ब्राउनिंगच्या नाट्यात्म स्वगतांनी त्यांना झपाटलं आणि १९११ पासून ते नाट्यछटा लिहू लागले. आयुष्यभरात भरल्या पन्नासएक. छटेत एकच माणूस बोलतो. समोरचा काय म्हणाला, ते याच्या उत्तरावरून आपण ताडायचं. निवेदक नाही, वर्णन नाही, ‘तो कुत्सितपणे हसला’ तर नाहीच नाही. ‘पंत मेले - राव चढले’ ही छटा बघा. गोष्ट नावातच फोडून टाकली आहे! तरी वाचताना चटका बसतो, कारण काय झालं हे आधी कळलं तरी माणसं कशी बोलतात ते ऐकायचं राहिलेलं असतं.

लोकलमध्ये शेजारचा फोनवर बोलतोय अशी कल्पना करा: “अरेरे… कधी? …पहाटे? फार वाईट झालं हो. …नाही, आज नाही जमायचं, ऑडिट आहे. दहाव्याला नक्की. …बरं, ते खालचं पार्किंग आता रिकामंच राहणार ना?”

इथे थांबलात तर झाली अलक. दिवाकरांच्या वाटेने जाणारा त्याला पुढे बोलू देईल: “…छे छे, तसं नव्हे हो, आपलं सहज विचारलं. …वहिनींना सांगा, काही लागलं तर अर्ध्या रात्री हाक मारा.” पार्किंगवर हशा मिळतो. माणूस दिसतो तो नंतरच्या सारवासारवीत.

दिवाकरांच्या सगळ्याच छटा साधल्यात असं नाही. काहींत मास्तर डोकावतो आणि ढोंग जरा जास्तच ठळक गिरवलं जातं. पण त्यांचं आपण केलं काय? नाट्यछटा दिली शाळेच्या स्नेहसंमेलनाला. नऊवारी नेसवलेली चिमुरडी कमरेवर हात ठेवून किंचाळते, पालक व्हिडिओ काढतात. मोठ्यांनी लिहायचा हा प्रकार मोठ्यांनीच सोडून दिला.

संपादकांनी यंदा शंभर शब्दांच्या अटीला आणखी एक अट जोडावी: धक्क्यानंतर निदान दोन वाक्यं हवीत. परीक्षकांचं मानधन मात्र वाढवावं लागेल. मग प्रत्येक कथा शेवटपर्यंत वाचावी लागणार.