मुक्कामाची जागा हाही वेतनाचाच भाग

श्रमाची गतिशीलता हा भांडवलशाही अर्थशास्त्राचा आवडता सिद्धांत. काम जिकडे असेल तिकडे मजुराने जावे, असा उपदेश ते शास्त्र करते; परंतु गेलेल्या मजुराने रात्री पाठ कोठे टेकावी, याविषयी ते मौन पाळते. अमेरिकेत हंगामी कामामागे ट्रेलर घेऊन हिंडणाऱ्या श्रमिकांची स्थिती पाहिली म्हणजे या मौनाचा अर्थ उमगतो.

२००८ च्या सुमाराच्या मंदीत घर व बचत गमावलेली अनेक वयस्क माणसे अशा फिरत्या घरांत राहू लागली. जेसिका ब्रूडर यांनी ‘नोमॅडलँड’ या २०१७ च्या पुस्तकात त्यांचे जीवन नोंदवले आहे. घरभाडे वाचते हे खरे. परंतु वाहन, इंधन व दुरुस्ती यांचा भार मजुराच्याच शिरावर पडतो. शिवाय गाडी उभी कोठे करावी, हा प्रश्न रोजचाच. खाजगी तळाचे भाडे कमाई खाऊन टाकते. पश्चिमेकडील सरकारी जमिनीवर विनामूल्य राहता येते, पण एका जागी सामान्यतः १४ दिवसच. दुकानांच्या आवारात थांबावे तर मालकाची मर्जी सांभाळावी लागते. २८ जून २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी असा निर्णय दिला की, सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्या बेघरांना दंड करण्यास क्रूर शिक्षेविरुद्धची घटनात्मक तरतूद आड येत नाही. म्हणजे फिरण्याचे स्वातंत्र्य आहे, थांबण्याचे नाही!

याच देशात एक वेगळे चित्रही दिसते. मिनेसोटा व नॉर्थ डकोटामधील रेड नदीच्या खोऱ्यात बीटपासून साखर करणारा मोठा कारखाना १९७३ पासून शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचा आहे. ऑक्टोबरच्या सुगीत १२-१२ तासांच्या पाळ्यांसाठी आलेल्या ट्रेलरवाल्या मजुरांना तो पाणी व विजेसह तळाची जागा स्वखर्चाने देतो. हे औदार्य नव्हे. गोठवणारी थंडी येण्यापूर्वी बीट काढावेच लागते, आणि जागेवाचून मजूर येत नाहीत.

महाराष्ट्रातील साखरही बव्हंशी सहकारातूनच उभी राहिली. पण बीड जिल्ह्यातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार घालून निघालेल्या ऊसतोड मजुराच्या वाट्याला उघड्या माळावरची कोपी येते. पाणी लांब, आडोसा नाही, आणि पहाटेच्या अंधारात फडाकडे निघालेल्या बायांच्या मागे मुले तळावरच राहतात. हा फरक का? कारण हंगामापूर्वीच घेतलेल्या उचलीने कोयता बांधला जातो; त्याला नकार देण्याची सोय उरत नाही. मुकादम मध्ये असल्यामुळे कारखाना ‘हा आमचा कामगार नव्हे’ असे म्हणून मोकळा होतो. १९७९ च्या स्थलांतरित मजूर कायद्याने निवासाची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली होती, पण राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरतीच. बीडहून सांगलीला जाणारा त्यात बसलाच नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. पाणी, वीज, शौचालय व पक्का निवारा असलेला तळ तयार असल्याखेरीज कारखान्यास गाळप परवाना मिळता कामा नये. मुक्कामाची जागा ही मालकाची कृपा नसून वेतनाचाच भाग आहे, हे प्रत्येक टोळीपर्यंत पोहोचवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. आणि ते गाड्या गाव सोडण्यापूर्वी, उचलीच्या बोलणीतच झाले पाहिजे.