जुन्या पिकअपचं पाणी कुठे जातं? दुरुस्ती की भंगार, हे ठरवण्याआधी एवढं तपासा

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. "अरे, गाडी हीट मारतेय. माळशेज चढताना दोनदा थांबलो. मेकॅनिक म्हणतो हेड उतरवावं लागेल. त्यापेक्षा भंगारात देऊन टाकू का?"

काकांची पिकअप २००९ची. जुन्नर तालुक्यातून कल्याणच्या मार्केटला टोमॅटो न्यायचे आणि रिकामे क्रेट घेऊन परत घाट चढायचा, हे तिचं रोजचं काम. घरातला पैसा तिच्यावरच फिरतो. त्यामुळे हा प्रश्न फक्त गॅरेजचा नाही. जुनी मालवाहू गाडी असलेल्या प्रत्येक घरात आज हाच हिशोब चालू आहे.

हिशोब आताच का?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन स्क्रॅप धोरण आणलं. अनेकांचा समज आहे की १५ वर्षं झाली की गाडी आपोआप भंगारात जाते. देशभरासाठीचं हे धोरण तसं नाही, ते वयापेक्षा फिटनेसवर चालतं. गाडी पासिंगमध्ये नापास झाली तरच प्रश्न येतो. (दिल्ली आणि परिसराचे नियम वेगळे आहेत.)

मात्र वयाची किंमत फीमधून वसूल होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिटनेस तपासणीच्या फीचे वयानुसार चढते टप्पे आले आणि जास्तीची फी १५ ऐवजी १० वर्षांपासूनच सुरू झाली. २० वर्षांवरच्या अवजड ट्रकची फी २,५०० रुपयांवरून थेट २५,००० झाली. पिकअपसारख्या हलक्या गाड्यांचा आकडा याहून कमी आहे, पण चढण तीच. त्यातच मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग लागतं.

दुसरी बाजूही बघा. अधिकृत केंद्रावर गाडी स्क्रॅप केली, तर नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के रक्कम मिळेल असा धोरणाचा अंदाज आहे. नवी पिकअप १० लाखांची धरली, तर हातात येतात ४० ते ६० हजार. नव्या मालवाहू गाडीच्या रोड टॅक्समध्ये १५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. उरलेले साधारण साडेनऊ लाख कर्जाने उभे करायचे. म्हणूनच "इंजिन गेलं" हे वाक्य खरं आहे की नाही, हे तपासल्याशिवाय निर्णय घेणं महागात पडतं.

पाणी कमी होतं म्हणजे नेमकं काय?

इंजिनाभोवती फिरणारं कूलंट हे बहुतेक वेळा अर्धं पाणी आणि अर्धं इथिलीन ग्लायकॉल असतं. रेडिएटरचं झाकण आत साधारण १ बारचा दाब धरून ठेवतं, त्यामुळे ते १०० अंशांच्या बरंच वर गेलं तरी उकळत नाही. कुठेही गळती झाली की पाणी जातं आणि दाबही जातो. मग घाटात लोड आला की उकळी फुटते.

गळती दोन प्रकारची. बाहेरची: रेडिएटर, रबरी पाइप आणि त्यांच्या क्लिपा, वॉटर पंप, ब्लॉकवरचे गंजलेले प्लग. आतली: हेड गॅस्केट फुटणं, हेडला तडा जाणं, किंवा काही डिझेल इंजिनांत ईजीआर कूलर फुटणं. पहिलीचा खर्च बहुधा शेकड्यांत किंवा काही हजारांत असतो, दुसरी इंजिन खोलायला लावते.

गोंधळ होतो तो इथे. बाहेरची गळती गरम इंजिनावर लगेच वाळून जाते, खाली थेंब दिसत नाही. मग "पाणी दिसत नाही, म्हणजे आत जातंय, हेड गेलं" असा निष्कर्ष निघतो. काकांच्या बाबतीत हेच झालं होतं.

आम्ही काय केलं?

दुसऱ्या गॅरेजमध्ये तीन गोष्टी करायला सांगितल्या:

- प्रेशर टेस्ट: थंड इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेला दाब द्यायचा. काटा खाली आला की गळती आहे, आणि ती कुठे आहे ते तिथल्या तिथे दिसतं.
- ब्लॉक टेस्ट: रेडिएटरमधली हवा निळ्या द्रवातून ओढायची. रंग हिरवट-पिवळा झाला तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय, म्हणजे गॅस्केट किंवा हेड.
- ऑइल बघणं: डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं ऑइल दिसलं तर पाणी आत मिसळलंय. तशी गाडी पुढे चालवू नका.

काकांच्या गाडीत द्रव निळाच राहिला आणि ऑइलही स्वच्छ होतं. पंप लावल्यावर वॉटर पंपाखालच्या छोट्या भोकातून थेंब यायला लागले. ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं, आतलं सील गेल्याची ती खूण.

पण रेडिएटर उघडल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. आत पिवळा गाळ होता. "हळद टाकली होती दोनदा," काका हळूच म्हणाले. हळदीची पूड फुगून बारीक भोक बुजवते हे खरं, पण तीच पूड रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजवते. वर सगळी वर्षं बोअरचं जड पाणी, त्याचा क्षार आत बसलेला. आणि थर्मोस्टॅट तर कुणीतरी कधीच काढून टाकला होता. तसं केलं की इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त जातं आणि झीज वाढते.

पंप, थर्मोस्टॅट, दोन पाइप, रेडिएटरची सफाई आणि नवं कूलंट. हेड उतरवायच्या खर्चाच्या चौथाईत काम झालं.

माझं मत

वयानुसार फी आकारणं सरकारला सोपं पडतं, पण त्यात नीट राखलेली आणि हळदीवर चाललेली गाडी एकाच पट्टीने मोजली जाते. वारंवार तापलेलं इंजिन कॉम्प्रेशन हरवतं, ऑइल खातं आणि जास्त धूर सोडतं. जुन्या गाड्यांचा धूर कमी करायचा तर मालकापर्यंत देखभालीची माहितीही पोचायला हवी.

उलट बाजूही मान्य करतो. द्रवाचा रंग बदलला असता, तर मीच काकांना म्हणालो असतो, "काका, आता हिच्यात पैसे घालू नका." जुन्या ब्लॉकवर हेडचं काम केलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा चढती फी भरली, तर ते पैसे परत येत नाहीत.

जाता जाता दोन सूचना. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, वाफ तोंडावर येते. आणि काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. ते गोडसर लागतं आणि विषारी असतं, कुत्री-जनावरं चाटतात.

काकांनी आता डॅशबोर्डवर एक छोटी वही ठेवलीय. रोज सकाळी थंड इंजिनावर पाण्याची पातळी बघून तारीख टाकतात. पुढचं पासिंग आलं की भरायचं की सोडायचं, ते त्या वहीकडे बघून ठरवणार आहेत.