आधी स्वस्तातलं घेऊ, मग बघू

‘आधी स्वस्तातलं घेऊ, टिकला तर मग चांगलं बघू.’

वाद्य विकत घ्यायची वेळ आली की घराघरांत हे वाक्य एकदा तरी ऐकू येतं. व्यवहारी वाटतं, शहाणपणाचं वाटतं आणि मुख्य म्हणजे ज्याला वाद्यातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही ते छातीठोकपणे म्हणता येतं. माझ्या मते मात्र लोकांचं वाजवणं सुरू होता होताच बंद पाडण्यात या वाक्याचा जेवढा हात आहे, तेवढा परीक्षांचा, क्लासच्या फीचा आणि मोबाईलचा मिळूनही नसेल.

सध्या हे वाक्य माझ्या कानावर सगळ्यात जास्त येतं ते युकुलेलेच्या बाबतीत. चार तारांचं, गिटारच्या धाकट्या भावंडासारखं दिसणारं, कुशीत मावणारं वाद्य. मी ते हौसेने वाजवतो. एवढ्याच भांडवलावर ओळखीतले लोक मला विचारतात, "मुलीसाठी कुठलं घेऊ हो?" मी काही सांगायला लागलो की त्यांचा चेहरा बदलतो आणि ठरलेलं उत्तर येतं, "अहो, पण शिकायलाच तर घ्यायचंय!"

तर आज या ‘शिकायलाच’बद्दल.

मला सांगा, चांगल्या वाद्याची गरज नक्की कुणाला जास्त असते? वीस वर्षं वाजवणाऱ्याच्या हातात भिकार वाद्य दिलं तर तो दोन मिनिटांत त्याची खोड ओळखतो. कुठली तार उतरते, कुठला पडदा चढा बोलतो, हे त्याला कळतं. तो बोट थोडं इकडे-तिकडे सरकवतो, नको त्या जागा टाळतो आणि वेळ मारून नेतो. नवशिक्याला यातलं काहीच येत नाही. आवाज वाईट आला तर तो बोटामुळे आला की लाकडामुळे, हे त्याला कळायला मार्गच नाही. आणि कळत नसल्यामुळे तो दोष स्वतःकडे घेतो. म्हणजे ज्याला खराब वाद्य निभावून नेता येतं त्याला आपण चांगलं देतो, आणि ज्याला येत नाही त्याच्या गळ्यात खराब बांधतो. चुकीच्या नंबरचा चष्मा लावून आधी बाराखडी शिक, जमली तर बरोबर नंबरचा आणू, असं आपण कुठल्या मुलाला म्हणतो का?

आमच्याच इमारतीत एक नऊ वर्षांची मुलगी आहे. तिला असंच एक रंगीत, फुलंबिलं काढलेलं युकुलेले मिळालं होतं. दीडेक महिन्याने तिने जाहीर केलं की मला कानच नाही. (नवव्या वर्षी! हा शब्दप्रयोग तिला कुणीतरी मोठ्यांनी पुरवलेला असणार.) मी तिचं वाद्य हातात घेतलं. मोकळ्या तारा सुरात लावल्या आणि पहिलाच कॉर्ड धरला. विचित्र, आंबट आवाज आला. मग माझं युकुलेले तिच्या हातात दिलं आणि तोच कॉर्ड धरायला सांगितला. तिने वाजवला. काही बोलली नाही. पुन्हा वाजवला, पुन्हा, असं पाच-सहा वेळा. मग विचारलं, "म्हणजे ते माझ्यामुळे नव्हतं?"

या प्रश्नाचं मोल हजार-दीड हजार रुपये नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तो आंबट आवाज येतो कुठून, ते सांगतो. त्यात गूढ काही नाही, सगळी मोजमापाची गोष्ट आहे. युकुलेलेच्या चार मोकळ्या तारा असतात जी, सी, ई आणि ए. आपल्या भाषेत, सी म्हणजे सा धरला तर प, सा, ग, ध. शिकणारा जो पहिला कॉर्ड शिकतो, सी मेजर, त्यात फक्त एक बोट लागतं. ए ची तार तिसऱ्या पडद्यावर दाबायची, म्हणजे ध चा होतो तार सा. झालं! चार तारांवर एकदम वाजतात प, सा, ग आणि तार सा. जगातल्या लाखो लोकांनी युकुलेलेवर पहिल्या दिवशी वाजवलेला कॉर्ड म्हणजे आपल्या ओळखीचे हे चार स्वर आहेत.

आता तारा जिथून सुरू होतात त्या वरच्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या खाचा नीट खोल कापलेल्या नसतील, तर तार पडद्यापासून फार उंच राहते. ती खाली दाबताना ताणली जाते आणि स्वर चढतो. मोकळा सा जागेवर आणि दाबलेला तार सा चढलेला! तंबोऱ्याशेजारी चार दिवस बसलेल्या कुणालाही हे भांडण ऐकू येईल. (ग बद्दल हार्मोनियमशी आपलं जे जुनं भांडण आहे ते इथेही आहेच, पण सा आणि तार सा यांच्यात वादाला जागा नाही.)

त्यातून युकुलेले लहान. गिटारची तार साधारण ६५ सेंटिमीटर लांब, तर सगळ्यात छोट्या, म्हणजे सोप्रानो युकुलेलेची जेमतेम ३५. खालची घोडी एक मिलिमीटर चुकीच्या जागी बसली, तर गिटारवर जेवढं बेसूर वाजेल त्याच्या जवळजवळ दुप्पट युकुलेलेवर वाजतं. म्हणजे ‘लहान वाद्य आहे, चालतंय की’ हे बरोबर उलटं आहे. लहान वाद्याला माप जास्त काटेकोर लागतं.

‘पण हे खेळणंच ना?’ असंही एक पालुपद असतं. थोडा इतिहास बघू. २३ ऑगस्ट १८७९ ला रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज होनोलुलूच्या बंदराला लागलं. त्यात पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून उसाच्या मळ्यांत कामाला आलेली माणसं होती. त्यांतले तिघे, मानुएल नुनेस, जोझे दो एस्पिरितो सांतो आणि आउगुस्तो दियास, हे लाकडाचे कसबी कारागीर. त्यांनी आपल्याकडच्या माशेत नावाच्या छोट्या तंतुवाद्यावरून हवाईमध्ये जे घडवलं ते युकुलेले. राजा कालाकाउआने त्याला दरबारात जागा दिली. म्हणजे जन्म कारागिरांच्या हातचा, आणि कौतुक राजाच्या घरचं. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत त्याची लाट आली आणि मग ज्याला त्याला ते पटापट, भराभर बनवून विकायचं होतं. खेळणं ते जन्मतः नव्हतं, ते आपण करून ठेवलं.

पुढे कॅनडात हॅलिफॅक्सच्या शाळांमध्ये जे. चाल्मर्स डोन या संगीतशिक्षकाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून युकुलेलेवरून मुलांना चक्क स्वरलेखन वाचायला, गायला, एकत्र वाजवायला शिकवलं. शाळांसाठी त्यांनी सरळ बाजूंचं, वेगळ्या आकाराचं वाद्यही बनवून घेतलं. मुलांना शिकवायचंय म्हणून वाद्याचा जास्त विचार करायचा, कमी नाही, हे तिथे कुणाला तरी कळलं होतं.

आता कुणी म्हणेल, ‘म्हणजे महागडं घ्या, असंच ना?’ मुळीच नाही. माझं भांडण स्वस्ताईशी नाहीच. मारिओ माकाफेरी नावाचा एक इटालियन वादक-कारागीर होता. फ्रान्सच्या सेल्मर कंपनीची प्रसिद्ध गिटार त्याच्याच डोक्यातून निघाली. त्याने १९४९ मध्ये चक्क प्लास्टिकचं युकुलेले बाजारात आणलं. स्वस्त, साच्यातून काढलेलं. पण माणूस वाद्य जाणणारा होता, त्यामुळे पडदे जागच्या जागी! ते लाखांनी खपलं आणि सुरात वाजलं. प्लास्टिकचं असून ते वाद्य होतं, आणि आज लाकडाचं म्हणून जे विकलं जातं त्यातलं कितीतरी वाद्य नसतं. फरक किमतीचा नाही, बनवणाऱ्याने माप घेतलं की नाही याचा आहे.

तेवढाच राग मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींचा येतो. नवशिक्याने विचारायचा अवकाश, हे सुरू होतात : अखंड कोआचं लाकडच हवं, अमुक कारागिराचंच हवं, पिकअप हवा. विचारणारा बिचारा घाबरून परत स्वस्तातल्याकडे पळतो. पहिल्या वाद्याला यातलं काही लागत नाही. उलट मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात आणि नागपूरच्या उन्हाळ्यात अखंड लाकडापेक्षा थर चिकटवून केलेलं साधं लाकूड जास्त बिनघोर. नक्षीचे, रंगाचे, वायरचे पैसे वाचवा आणि मापावर घाला.

मग बघायचं काय? माझ्यापुरती यादी अशी. शक्य असेल तर दुकानात जाऊन घ्या. मोठ्या बोटांच्या माणसाला कॉन्सर्ट आकार (तार साधारण ३८ सेंटिमीटर) सोप्रानोपेक्षा सोयीचा पडतो. खुंट्या दातेरी चाकांच्या असाव्यात, म्हणजे सूर लावणं हीच एक शिक्षा होत नाही. पहिल्या पडद्यापाशी तारेखाली जेमतेम दोन पोस्टकार्डं सरकतील एवढी फट असावी. बाराव्या पडद्यापाशी तीनेक मिलिमीटर, त्याहून जास्त नको. मोकळी तार वाजवा, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. बरोबर वरच्या सप्तकातला तोच स्वर यायला हवा. मोबाईलवरचा फुकटातला ट्यूनरही हे सांगतो. आणि शेवटी तो सी मेजर. सा आणि तार सा एकमेकांत मिसळले तर घ्या, भांडले तर परत ठेवा. दुकानदाराने ‘नवीन आहे, वाजवून वाजवून बसेल’ असं सांगितलं तर हसून बाहेर पडा. नव्या नायलॉनच्या तारा काही दिवस उतरतात हे खरं आहे, त्या पुन्हा लावाव्या लागतात. पण चुकीच्या जागी बसवलेला पडदा वाजवून वाजवून जागा बदलत नाही.

हे सगळं जमणारं साधं वाद्य आज साधारण चार ते सहा हजारांत मिळतं. ज्यांना तेही जड आहे त्यांनी कुणाचं तरी वापरलेलं, पण चांगलं, शोधावं. नाहीतर आहे त्याच्याच नटच्या खाचा जाणकाराकडून नीट करून घ्याव्यात आणि बऱ्या तारा चढवाव्यात. काही शे रुपयांत कधी कधी जीव येतो. गरीब माणसाला मी काटकसर शिकवत नाही, ती त्याला माझ्यापेक्षा चांगली कळते. माझा रोख आहे तो वाढदिवसाच्या एका संध्याकाळी याच्या दुप्पट खर्च करून वाद्याच्या वेळी ‘शिकायलाच तर आहे’ म्हणणाऱ्यांवर.

‘आणि सोडून दिलं तर?’ देईल कदाचित. सगळीच मुलं वादक होत नाहीत, व्हायची गरजही नाही. पण मग चांगलं वाद्य अर्ध्या किमतीला तरी विकलं जातं, कुणीतरी ते पुढे वाजवतं. वाईट वाद्य माळ्यावर जातं. आणि मुख्य फरक पुढेच आहे. चांगल्या वाद्यावर शिकून सोडणारा म्हणतो, ‘मला त्यात रस नव्हता.’ वाईट वाद्यावर सोडणारा म्हणतो, ‘मला जमत नाही.’ पहिला स्वतःबद्दल खरं बोलतोय. दुसरा आयुष्यभर स्वतःबद्दल एक खोटं बाळगतो, आणि ते खोटं आपण त्याला पैसे वाचवताना भेट दिलेलं असतं.

आपल्याला हे कळू नये याचंच मला आश्चर्य वाटतं. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या मिरजेतले कारागीर एकेका जवारीवर किती बारकाईने हात चालवतात, हे अभिमानाने सांगणारी आपण माणसं. गाणं शिकायला बसलेल्या पोराला गुरू आधी तंबोरा लावून देतात, मग सा लावायला सांगतात. ‘आधी बेसूर तंबोऱ्यावर गा, टिकलास तर सुरात लावून देईन’ असं म्हणणारा गुरू मी तरी ऐकलेला नाही.

असो. तुमच्या घरी कुणी युकुलेले, हार्मोनियम, बासरी, काहीही घ्यायचं म्हणत असेल तर ते वाक्य फक्त उलटं करून म्हणा. आधी सुरात वाजणारं घेऊ, मग टिकतो का ते बघू.