हिशेब आपला आपण मांडू



सोलापूरची जुनी गिरणी 1963 साली बंद पडली. तोट्यातली गिरणी बंद तरी करता येते. शेती तोट्यात गेली तरी पाऊस पडला की चाड्यावर मूठ धरावीच लागते. म्हणून या धंद्याचे यशापयश आपणच मोजले पाहिजे.

सरकारने 2025-26 साठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे 3,699 रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला 7,710 रुपये हमीभाव जाहीर केला. खर्चावर 50 टक्के नफा दिला, असा दावा. ज्वारीचा हा खर्च धरला 2,466 रुपये. त्यात रोख खर्च व घरच्यांची मजुरी आली. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतलेल्या भांडवलाचे व्याज वगळले. कोणता कारखानदार असा हिशेब मांडतो?

शिवाय आपली शेती कोरडवाहू. समजा, एकरी 10,000 रुपये खर्चून 4 क्विंटल ज्वारी झाली. क्विंटलला 2,500 पडले. पावसाने दगा दिला, 2 क्विंटलच पिकली, की तोच खर्च 5,000 वर जातो. हमीभाव मात्र जागचा हलत नाही. कागदावरचा नफा शिवारात तोटा होतो.

तेव्हा नुसते क्विंटल मोजू नका. वर्षाअखेर कर्ज वाढले की घटले, बैल दावणीला राहिले का, बियाणे-कडबा घरात उरला का, ते मांडा. एकरी खर्च वहीत लिहा. घरच्या बाईचा रोजही धरा. सात रस्त्यावरच्या बैठकीला ती वही घेऊन या. घामाचे दाम मागायचे तर हिशेब आपल्या हातात हवा.