सुट्टीत एक जेवण आपल्या हातचे

आपल्याला बूट चमकवता येतात, अंथरुणाची घडी घालता येते, नकाशा वाचता येतो. पण घरच्या चार माणसांना रात्रीचे जेवण करून वाढता येते का? माझे मत असे, की प्रत्येक कॅडेटला ते आलेच पाहिजे आणि सुट्टीत आठवड्यातून एकदा तरी त्याने ते करावे.

मला हे गेल्या १४ जानेवारीला कळले. मी नोएडाला घरी आलो होतो. बाबा पोस्टिंगवर होते. आई, आजी, धाकटी बहीण आणि मी पानिपतला काला आंब येथील स्मारक पाहायला गेलो. १७६१ साली याच दिवशी तिथे लढाई झाली. वाटेत मी बहिणीला सांगत होतो, की अब्दालीने मराठ्यांची रसद तोडली, आधीच्या डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, छावणीत अन्न उरले नाही आणि उपाशी सैन्य शेवटी लढायला बाहेर पडले. सैन्य पोटावर चालते, हेही ऐकवले.

संध्याकाळी धुक्यातून घरी पोचलो. मी सोफ्यावर बसलो आणि विचारले, "आई, जेवायला काय आहे?" आईने पहाटे पाचला उठून डबे भरले होते आणि जाता-येता गाडीही तिनेच चालवली होती. आजी म्हणाली, "दिवसभर रसदेवर बोललास, आता आपली रसद कोण बघणार?" मला फार लाज वाटली. आईला बसायला सांगून मी ओट्यापाशी गेलो.

बहिणीला पास्ता सूप हवे होते आणि घरात पास्ता नव्हता. "मग वरणफळं काय वेगळी असतात?" आजी म्हणाली. खरेच आहे. इटलीतही घेवड्याच्या दाण्यांच्या सूपमध्ये पास्ता शिजवतात. आपण तुरीच्या वरणात कणकेची फळे शिजवतो.

आजी खुर्चीवरून सांगत गेली. एक वाटी तूरडाळ हळद-हिंग घालून कुकरमध्ये शिजवायची, घोटून त्यात पाच-सहा वाट्या पाणी घालायचे. मोहरी, जिरे, लसूण, कढीपत्ता आणि तिखटाची फोडणी द्यायची. मग मीठ, आमसूल, गूळ, गोडा मसाला. दीड वाटी कणीक मीठ, ओवा आणि थोडे तेल घालून घट्ट भिजवायची, पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापायचे. वरणाला खळखळून उकळी आली की ते एकेक करून सोडायचे आणि दहा-बारा मिनिटे शिजवायचे. वरून तूप, कोथिंबीर.

मी उकळी यायच्या आतच सगळे तुकडे एकदम टाकले. निम्मे चिकटून गोळा झाला. तरी सगळ्यांनी खाल्ले आणि आईने दुसऱ्यांदा वाढून घेतले. पुढच्या आठवड्यात पुन्हा केली, तेव्हा एकही फळ चिकटले नाही.

काही मित्र म्हणतात, सुट्टी विश्रांतीसाठी असते. मान्य. पण आपली विश्रांती घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमावर चाललेली असते. काहींना वाटते, हे मुलांचे काम नाही. मग आपल्या मेसमध्ये पहाटे आपल्याआधी उठून चहा करणारे कोण आहेत? वरण पातळ आहे म्हणून ताट सरकवणे मला आता जमत नाही, कारण एका वाटी डाळीला किती हात लागतात हे ठाऊक झाले आहे.

पालकांनाही एक विनंती आहे. "चार दिवसांसाठी आलायस, बस," असे प्रेमाने म्हणून आम्हाला स्वयंपाकघरातून बाहेर काढू नका. पहिल्यांदा गोळा होईल, तो खाऊन घ्या.

या सुट्टीत बाबा घरी असणार आहेत. ते साताऱ्याकडचे, वरणफळांना चकोल्या म्हणतात. नावावरून आई-बाबांचा वाद होईलच. तोवर मी ताटे घेईन.